मागची भिंत असलेलं घर

मी अकरा महालांची राणी होते, आणि त्यांतल्या एकाही महालाला मागची भिंत नव्हती.

हे सगळे महाल एकाच माणसाने बांधलेले. आमच्या नाटक मंडळीत त्यांना मिस्त्री म्हणत. आजही गल्लीत ते मिस्त्रीच आहेत. खऱ्या नावाने पत्र आलं की पोस्टमन दोन घरं पुढे जाऊन परत येतो. महाल, तुरुंग, बाग, वकिलाची खोली, एकदा तर शिडासकट अख्खं जहाज, सांगाल ते मिस्त्री बारा दिवसांत उभं करत आणि शेवटचा प्रयोग संपला की तासाभरात उतरवून ट्रकमध्ये भरत. त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. दर अर्ध्या तासाने करवत खाली ठेवायची, रंगमंचावरून उतरायचं, पाचव्या रांगेतल्या मधल्या खुर्चीपाशी जायचं, एक डोळा मिटायचा आणि बघायचं. तिथून जे दिसत नाही ते मिस्त्रींच्या लेखी जगात नव्हतंच. एखाद्या नवख्या नटाने दारामागून बाहेर आलेला खिळा दाखवला की ते म्हणत, "मागचं कोण बघतंय रे? तिकीट काढून मागे बसलंय का कोणी?"

आता आम्ही दोघंही निवृत्त, आणि योगायोग असा की शेजारी शेजारी. मध्ये फक्त कंबरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून मला त्यांच्या संसाराचा रोज एक प्रवेश फुकट बघायला मिळतो.

त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी. एकतीस वर्षं पोस्टात खिडकीवर होत्या. मिस्त्री वर्षातले आठ महिने मंडळीबरोबर दौऱ्यावर, त्यामुळे घर, मुलगी, मुलीचं लग्न, गळका नळ, सगळं वहिनींनी एकटीने काढलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार गेली एकोणीस वर्षं सुतळीने बांधलेलं आहे. बिजागरी बसवायचं मिस्त्रींनी कबूल केलं होतं, पण ते दार आतल्या बाजूचं, बाहेरून कोणाला न दिसणारं.

"तीनशे घरं बांधली यांनी, ताई," वहिनी मला सांगतात, अर्थात मिस्त्रींना ऐकू जाईल अशा बेताने. "एकातही कोणाला राहता आलं नाही."

"तीनशे बारा," मिस्त्री पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात.

वहिनी निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांची शेजारच्या खिडकीवरची मैत्रीण गाव सोडून मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला निघाली. तिच्या परसात तीन सिल्की कोंबड्या होत्या. जाता जाता तिने त्या वहिनींच्या ओटीत टाकल्या आणि बरोबर एक कागद दिला, पोस्टाच्या कोऱ्या फॉर्मवर लिहिलेला. वहिनींनी तो कपाटाला, सुतळीच्या शेजारी, टाचून ठेवला.

मी त्या कोंबड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला आमच्या मंडळीतले पांढरे टोप आठवले, म्हाताऱ्याची भूमिका करणारे घालायचे ते. कोणी तरी तीन टोप अंगणात टाकलेत आणि ते आपले आपण चालताहेत! कोंबडी म्हणावं तर अंगावर पिसांऐवजी रेशीम. मांजर म्हणावं तर चोच. पायांना लोकरी मोजे घातल्यासारखे झुबके, बोटं चाराऐवजी पाच, आणि डोक्यावरचा तुरा थेट डोळ्यांवर. फुंकर मारून केस बाजूला केले तर खाली कातडी काळीभोर. वहिनींनी नावंही आपल्या खात्यातलीच ठेवली. काळी ती शाई, खाकी ती लिफाफा आणि पांढरी ती पावती.

"लिफाफा आज रुसली आहे," असं वाक्य कानावर पडलं की माझा दिवस चांगला जातो.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. एका दुपारी वहिनी पायरीवर शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. शाई चाचपडत आली, त्यांच्या पायाला धडकली, जरा थांबली, मग मांडीत चढून बसली आणि झोपून गेली. वहिनी तासभर हलल्या नाहीत. पेन्सिल खाली पडली तरी वाकल्या नाहीत. मी भिंतीवरून चहाला बोलावलं तर डोळ्यांनीच 'नको' म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "ताई, एकतीस वर्षं लोक माझ्याशी काचेच्या भोकातून बोलले. आणि प्रत्येकाला काही तरी हवं असायचं. हिला काही नको होतं हो. नुसती बसली."

तिघींची झोपायची सोय तेवढी वाईट होती. बाथरूममध्ये फळांचं खोकं, त्यात जुनी चादर. रात्रभर दार बंद, वास कोंडलेला, आणि सकाळी अंघोळीआधी सगळं धुणंपुसणं. पंधरा दिवसांनी वहिनींनी मिस्त्रींसमोर जाहीर केलं, "महिनाअखेरपर्यंत यांना धड घर मिळालं तर राहतील. नाही तर त्या मैत्रिणीची मावसबहीण न्यायला तयार आहे. गावाबाहेर तिची मोठी शेड आहे. मुक्या जिवांना असं कोंडून ठेवायचं मला नाही जमणार."

बोलताना शाई मांडीत होती आणि वहिनींचा हात तिच्या पाठीवर होता. हे बोलायला त्यांना किती जड जात होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

मिस्त्री खुर्चीतून उठले. "घर? अगं, हे सांगायला पंधरा दिवस लावलेस?"

मग काय विचारता! सहा वर्षं बंद असलेली पेटी उघडली. करवत, रंधा, पटाशी, सरसाचं भांडं. अंगणाला चादरी लावून पडदा केला, आत कोणी यायचं नाही. दर अर्ध्या तासाने मिस्त्री चादरीतून बाहेर यायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जायचे, एक डोळा मिटायचे आणि बघायचे.

"तो कागद वाचलात ना?" वहिनींनी खिडकीतून विचारलं.

"वाचला, वाचला."

शनिवारी संध्याकाळी उद्‌घाटन. गल्लीतली दहा-बारा माणसं खुर्च्या घेऊन आली. मिस्त्रींनी तोंडाने तिसरी घंटा दिली आणि चादर ओढली. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. छोटासा महाल! कमानी, सज्जा, सज्ज्यावर बसायला नक्षीची दांडी. मधोमध उघडं दार, दाराआत लांबलचक दालन, शेवटाला दिवा. ते सगळं रंगवलेलं होतं हे मला, अर्धं आयुष्य असल्या दारांआड काढलेल्या बाईला, जवळ जाऊन हात लावल्यावर कळलं. टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी मान किंचित झुकवली.

वहिनी टाळ्या न वाजवता महालाला वळसा घालून मागे गेल्या.

"इथे नुसतं कापड आहे."

"सरस लावून ताणलंय. ढोलासारखं वाजतं बघ."

"आणि खरं दार?"

"बाजूला. पाच पायऱ्या चढून. पायऱ्यांशिवाय महालाला भारदस्तपणा कसा येणार?"

पात्रांना मात्र कोणी काही समजावलं नव्हतं. पाच पायऱ्यांपैकी पहिलीवरच लिफाफाची धाव संपली. सज्ज्यावरच्या दांडीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पावती थेट रंगवलेल्या दारापाशी गेली, तिथे टक्कर झाली, आणि ती तिथेच बसली, दार उघडायची वाट बघत. तिच्याशेजारी बाकीच्या दोघी.

"तुमच्या चित्राला दाद मिळाली," वहिनी म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी मिस्त्री एकेकीला उचलून आत ठेवू लागले, आणि रोज सकाळी बाहेर काढू लागले. नवीन घर आहे, सवय होईल, असं म्हणत होते.

बुधवारी दुपारी वहिनी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. मिस्त्री त्यांच्याबरोबर. मी जेवून जरा लवंडले होते. आभाळ कधी भरून आलं कळलंच नाही. वाऱ्यासकट तिरपा पाऊस आला, पत्र्यावर खडे टाकावेत तसा. कोंबड्या आठवून मी उठले, छत्री शोधली, भिंतीला वळसा घालून फाटकातून आत गेले, तोवर दहा मिनिटं तरी गेली असतील.

साधी कोंबडी अंगावरचं पाणी झटकते. यांचं ते रेशीम पाणी पिऊन घेतं. शाई आणि लिफाफा पायऱ्यांखाली चिखलात चिकटून बसल्या होत्या. पावती रंगवलेल्या दारासमोर. टोपाखाली एवढंसंच पाखरू असतं, मूठभर, हे मला तेव्हा कळलं. त्यांना आत ठेवावं म्हणून मी खऱ्या दारातून डोकावले तर आतही तळं साचलेलं. सरस विरघळला होता, मागचं कापड लोंबत होतं आणि पाऊस सरळ आत येत होता.

दोघं परतली तेव्हा मी तिघींना माझ्या न्हाणीघरात टॉवेलात गुंडाळून बसले होते आणि केस वाळवायच्या यंत्राने पावतीला वाळवत होते. वहिनींनी माझ्या हातातून यंत्र घेतलं. गाल सुजलेला, तोंडात कापूस, आणि शाईला छातीशी धरून त्या दीड तास वाळवत बसल्या. पावती आणि लिफाफा सुकून फुगल्या, दाणे टिपायला लागल्या. शाई मात्र थरथरत राहिली. चोच उघडी, मान कलंडलेली. मिस्त्री दारात उभे होते. आत यायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाईने एक दाणा खाल्ला आणि आमच्या सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. पण वहिनींनी तोवर फोन केला होता. मावसबहीण येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन येणार. वहिनींनी झाकणाची वेताची टोपली काढली, पुसली, तळाशी टॉवेल घातला आणि दाराशी ठेवली.

"आठ दिवस दे मला," मिस्त्री म्हणाले.

"दिवस आहेतच तुमच्याकडे. दहा आहेत," वहिनी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मिस्त्री भिंतीपाशी आले. चाळीस वर्षांत त्यांनी मला 'बाई, डावीकडे सरका' आणि 'बाई, ओल्या रंगाला हात लावू नका' यापलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं.

"बाई, एक विचारू? खरं सांगायचं हं. माझ्या महालात आतून कसं वाटायचं?"

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हसले नाही.

"गार," मी म्हटलं. "फार गार वारा लागायचा, मिस्त्री. बरोबर पाठीला. दुसऱ्या अंकात मला दाराआड वीस मिनिटं थांबावं लागे, आणि बसायला तिथे वीतभर फळी नव्हती. पुढून संगमरवरी जिना, मागून उतरायला एक उलटी पेटी. अंधारात पाय चाचपत उतरायचं. राणीच्या झग्याला पुढून मोती होते ना, त्याला मागून सात ठिकाणी रफू होतं. तुमच्या खिळ्यांची कृपा."

"सात?"

"माझ्या झग्याला. दासींचं वेगळं."

ते म्हणाले, "कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी विचारलंत? आणि एक सांगू? पडदा वर गेला की मी तोंड उघडायच्या आधीच टाळ्या पडायच्या. त्या माझ्या नव्हत्या, तुमच्या महालाच्या होत्या. त्या ऐकल्या की गारठा पळायचा. मी कशाला तक्रार करीन?"

मिस्त्रींनी भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडलं. "कोंबड्यांना टाळ्यांचं काय," ते म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मिस्त्री अंगणात पालथे पडलेले. छाती जमिनीला, हनुवटी मातीला. माझ्या हातातली बादली पडली.

"मिस्त्री!"

"काही झालेलं नाही त्यांना," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "तासभर झाला, कोंबडी झालेत."

"आतून बघतोय," मिस्त्री जमिनीवरूनच म्हणाले. त्यांनी कपाळावर टॉवेल बांधून डोळ्यांवर पुढे ओढला होता, तुऱ्यासारखा. "इथून पायरी ही भिंत दिसते, बाई. आणि वारा सगळा खालून येतो. पाचव्या रांगेत हे कळायचं कसं?"

मग ते उठले, माती झटकली आणि कपाटावरचा कागद काढायला गेले. अंगणात आणून त्यांनी त्याची पुढची बाजू पुन्हा वाचली. तिघींची वयं, खाणं, सवयी. आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट उलटी केली. मागच्या बाजूला त्या मैत्रिणीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: यांना उडता येत नाही. चढता येत नाही. भिजू अजिबात देऊ नका. बसायची फळी वीतभरच उंच हवी, रुंद आणि सपाट. वारा डोक्यावरून जाऊ दे, अंगावरून नको.

वहिनी दारातून बघत होत्या. "मागचं कोण बघतंय!" त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी मान खाली घातली. पण वहिनींच्या ओठांचा कोपरा हलला होता. मी नटी आहे, असलं माझ्या नजरेतून सुटत नाही.

महाल उतरवायला या वेळी तासभरही लागला नाही. नवं बांधकाम चादरीशिवाय, उघड्यावर झालं. मिस्त्रींनी सुरुवातच मागच्या भिंतीपासून केली. जाड फळ्या, एकीवर दुसरी चढवलेली, म्हणजे पाणी फटीत न शिरता ओघळून जावं. छताला पत्रा, मागे उतार, कडा चांगल्या हातभर बाहेर. जमीन विटांवर उचललेली, पण दारापर्यंत जायला एकच रुंद उतरती फळी, आणि तिच्यावर बोटाएवढ्या आडव्या पट्ट्या, पाय घसरू नये म्हणून. आत रंध्याच्या कुरळ्या सालपींची जाड गादी. वीतभर उंचीवर एक सपाट फळी, कडा घासून गोल केलेल्या. भिंतींच्या वरच्या टोकाला, कोंबड्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, हवेला जागा, आणि तिला बारीक जाळी, कारण गल्लीतलं बोक्याचं घराणं मोठं आहे. दाराला दुहेरी कडी. आणि प्रत्येक खिळा ठोकल्यावर मिस्त्री आतून हात फिरवत. हात फिरवून झाला की मला हाक मारत. "बाई, तुम्ही फिरवा. तुम्हाला सवय आहे."

तुऱ्यांचं काम वहिनींनी केलं. माझी रंगभूषेची छोटी कात्री घेऊन त्यांनी तिघींच्या डोळ्यांपुढचे तेवढे केस कापले. शाईने मान वळवून एकदा वहिनींकडे नीट बघितलं. "बघ गं, खिडकी उघडली," वहिनी तिला म्हणाल्या, आणि मग कात्री शोधायच्या निमित्ताने लगेच आत गेल्या. कात्री माझ्या हातात होती.

शनिवारी परीक्षा. आदल्या खेपेसारख्या खुर्च्या नाहीत, गल्ली नाही, आम्ही तिघंच. वहिनींनी आपल्या जुन्या टेबलाच्या खणातला गुलाबी टीपकागद आणला, चार तुकडे केले आणि घराच्या चार कोपऱ्यांत आत ठेवले. मग झारी घेतली.

पुढून त्यांनी अर्धी झारी ओतली. बाजूंनी एकेक. मागून पाच. पाचवी संपल्यावर नळाची रबरी नळी घेतली, तोंडावर अंगठा दाबला आणि वाऱ्याचा पाऊस असतो तसं तिरपं पाणी मारलं. मिस्त्री शेजारी उभे, हात मागे बांधलेले, भिजत.

वहिनींनी दार उघडून कागद काढले. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा कोरडा. चौथ्यावर नखाएवढा ओला ठिपका.

एवढ्याशा ठिपक्याचं काय, सालपी शोषून घेतील, असं म्हणणं माझ्या ओठांवर होतं. मिस्त्रींनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, आणि पेटीकडे गेले. तो कोपरा त्यांनी सगळा उसवला. एक फळी किंचित वाकडी होती, ती रंधली, पुन्हा बसवली. दोन तास गेले. वहिनी झारी हातात धरून तिथेच पायरीवर बसून राहिल्या. चहाचं नावही कोणी काढलं नाही.

दुसऱ्या खेपेला चारही कागद कोरडे निघाले. वहिनींनी चौथा गालाला लावून बघितला.

संध्याकाळी उजेड कमी झाला तसं आम्ही श्वास रोखून बघत बसलो. मिस्त्रींनी उचलायला हात पुढे केला, तो वहिनींनी धरून ठेवला. लिफाफा उतरत्या फळीपाशी गेली, थांबली, एक पाय ठेवला, मग दुसरा. तिच्यामागे पावती, चुकून एकदा कडेला उतरून पुन्हा वर. शाई सगळ्यात शेवटी. दारात थांबून तिने मान वळवली, मग आत गेली. आतून सालपींची खसखस ऐकू आली, मग तीही थांबली. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. माझे हात मात्र सवयीने जुळून आले होते, ते मी मांडीवर दाबून धरले.

रविवारी अकराला मावसबहीण गाडी घेऊन आली. भली बाई, येताना दाण्याची पिशवीही घेऊन आली होती. वहिनींनी तिला सगळं घर दाखवलं. पुढून नाही, मागून नेऊन दाखवलं. फळी कशी फळीवर चढवली आहे, पाणी कुठून ओघळतं, हवा कुठून जाते.

"मग न्यायच्या नाहीत तर?" मावसबहीण म्हणाली.

"तुम्हाला उगीच हेलपाटा झाला," वहिनी म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

चहा पिता पिता त्या घराकडे बघत होत्या. मिस्त्री पायरीवर अंग चोरून बसले होते.

"अहो, समोरून मात्र अगदीच ओकंबोकं दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "एखादी खिडकी तरी रंगवा. दिवा असलेली. वर, म्हणजे पावती धडकणार नाही."

मिस्त्रींनी बघितलं, वहिनी चेष्टा करताहेत का. करत नव्हत्या.

मग त्या उठल्या, दाराशी ठेवलेली झाकणाची टोपली उचलली, झाकण मोडून काढलं आणि टोपली मिस्त्रींच्या मांडीत ठेवली.

"आणि ही आत बसवा, मागच्या भिंतीला. शाईला अंड्यांवर बसायचं आहे, दोन दिवस जागा शोधते आहे. टॉवेल आहेच आत."

मिस्त्रींनी टोपलीच्या कडेवरून, आतून, सावकाश बोट फिरवलं. एक वेत टोचत होता. ते पटाशी आणायला उठले.

"येताना दोन बिजागऱ्याही आणा," वहिनी म्हणाल्या.